नव्या संकेतस्थळासाठी घेतलेली एसईओ सेवा : ठाण्यातील एका भांड्यांच्या दुकानाचा सात महिन्यांचा अनुभव

जांभळी नाक्याच्या परिसरात आमचे तांब्या-पितळेच्या भांड्यांचे दुकान आहे. सासऱ्यांनी ते १९७१ मध्ये सुरू केले आणि त्याचे पहिले संकेतस्थळ आम्ही गेल्या ऑगस्टमध्ये उभे केले. ते लोकांना गूगलवर सापडावे म्हणून नौपाड्यातील दोन माणसांच्या एका लहान संस्थेची एसईओ सेवा, म्हणजे शोधयंत्रात संकेतस्थळ वर दिसावे यासाठीचे काम, आम्ही सात महिने घेतली; त्या सेवेचे हे परीक्षण आहे. संस्थेचे नाव मी देत नाही, कारण मला तिची जाहिरात करायची नाही आणि पुढे ज्या उणिवा सांगणार आहे त्यांवरून तिला चारचौघांत उभेही करायचे नाही. ठाण्यात आणि नवी मुंबईत अशी सेवा देणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी कोणाकडेही गेलात तरी कोणत्या कामाचे पैसे द्यावेत आणि कोणत्या कामाचे देऊ नयेत, हे ठरवायला आमचा अनुभव उपयोगी पडावा, एवढाच हेतू आहे. माझे मत आधीच सांगून टाकते : पहिल्या दोन महिन्यांचे काम दिलेल्या पैशांपेक्षा अधिक मोलाचे निघाले, आणि नंतरच्या पाच महिन्यांचे मासिक पॅकेज घेतले नसते तरी आमचे काही अडले नसते.

संकेतस्थळाची गरज का पडली, तेही थोडक्यात सांगायला हवे. आमचे जुने गिऱ्हाईक नौपाडा, पाचपाखाडी, खारटन रोड या भागांतले. ते पायी येते आणि त्याला रस्ता विचारावा लागत नाही. घोडबंदर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जी वस्ती झाली, तिथल्या घरांत मात्र आजीची पितळेची पातेली माळ्यावर पडून असतात. ती पुन्हा वापरात आणायची इच्छाही असते, पण कल्हई करणारा, म्हणजे भांड्याला आतून कथलाचा मुलामा देणारा, कुठे बसतो हे ठाऊक नसते. ही माणसे बाजारात येऊन चौकशी करत नाहीत. ती आधी फोनवर शोधतात, आणि जे दुकान फोनवर दिसत नाही ते त्यांच्या लेखी नसतेच. आमच्याकडे कल्हईचे काम आजही होते, रोज होते, आणि तरी दारात येणाऱ्या नव्या माणसांची संख्या दरवर्षी घटत होती.

संकेतस्थळ सुरू झाल्यावर पहिला महिनाभर आम्ही स्वतःहून काहीच केले नाही. त्या काळात नवी मुंबईतल्या एका कंपनीचा फोन आला. तीस दिवसांत गूगलवर पहिला क्रमांक मिळवून देण्याची लेखी हमी तिने दिली आणि एका महिन्याचे पैसे आगाऊ घेतले. गूगलने आपल्या मार्गदर्शक पानांवर स्पष्ट लिहून ठेवले आहे की पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही; हे मी त्या वेळी वाचले असते तर तो फोन तिथेच ठेवला असता. महिनाअखेरीस आमच्या हाती एक तक्ता आला. त्यात आमच्या संकेतस्थळाकडे येणाऱ्या ३१२ बाहेरच्या दुव्यांची यादी होती (इतरांनी आपल्याकडे दिलेले दुवे गूगल क्रमवारीत विचारात घेते, म्हणून ते विकले जातात), आणि त्यांतली बहुतेक पाने परदेशी जुगाराची, औषधांची किंवा ज्यांवर फक्त दुवेच दुवे आहेत अशी होती. शिवाय प्रत्येक पानाच्या आत, पानाचे शोधशब्द नोंदवण्यासाठीच्या, वाचकाला न दिसणाऱ्या कीवर्ड टॅगमध्ये, शंभरेक शब्द कोंबले होते आणि त्याचे शुल्क वेगळे लावले होते. हा टॅग आपण क्रमवारीसाठी विचारात घेत नाही, असे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केले आहे.

ही यादी घेऊनच मी नौपाड्यातल्या संस्थेकडे गेले, आणि त्यांच्याविषयी माझे मत चांगले झाले ते पहिल्या भेटीतच. ३१२ दुवे काढून टाकण्याचे काम म्हणून त्यांना आमच्याकडून सहज पैसे घेता आले असते. त्यांनी तसे केले नाही. विकत घेतलेल्या आणि बनावट दुव्यांविरुद्ध गूगलने एप्रिल २०१२ मध्ये पेंग्विन नावाचा बदल आणला तेव्हा पुष्कळ संकेतस्थळे खाली गेली होती. आता अशा दुव्यांकडे गूगल बहुतांशी दुर्लक्षच करते आणि कारवाई झालीच तर सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे संकेतस्थळाच्या मालकांसाठी असलेल्या गूगलच्या साधनात, मॅन्युअल अ‍ॅक्शन या नावाखाली सूचना येते. हे सगळे त्यांनी समजावून सांगितले. मग माझ्यासमोरच ते पान उघडले, त्यावर कोणतीही सूचना नाही हे दाखवले आणि म्हणाले, "काकू, याला हात लावू नका. हे आहे तसे राहू द्या. आपल्याला करण्यासारखी दुसरी कामे पुष्कळ आहेत."

खरी गोष्ट दुसऱ्या भेटीत उघड झाली. त्या संस्थेतला धाकटा भागीदार दुकानात आला आणि गल्ल्याशेजारी परातींच्या चळतीवर लॅपटॉप ठेवून उभ्यानेच कामाला लागला. गूगलच्या शोधचौकटीत त्याने इंग्रजीत साइट हा शब्द, त्याला लागून कोलन आणि त्याला लागून आमच्या संकेतस्थळाचा पत्ता टाकला. उत्तरादाखल एकही पान आले नाही. संकेतस्थळ सुरू होऊन सहा आठवडे झाले होते आणि गूगलच्या लेखी त्याचे एकही पान अस्तित्वात नव्हते. मग त्याने, आमचे संकेतस्थळ ज्यावर बांधले आहे त्या वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये जाऊन रीडिंग हा विभाग उघडला. शोधयंत्रांना या संकेतस्थळाची नोंद करण्यापासून परावृत्त करावे, अशा अर्थाची एक चौकट तिथे असते, आणि त्या चौकटीत टिकची खूण होती. काम अर्धवट असताना ते लोकांसमोर येऊ नये म्हणून संकेतस्थळ बांधणाऱ्याने ती केली होती आणि काम पूर्ण झाल्यावर काढायची राहून गेली होती. एवढ्या एका खुणेमुळे प्रत्येक पानावर नोइंडेक्स, म्हणजे या पानाची नोंद करू नका, हा आदेश लागला होता. याचा अर्थ असा, की ३१२ दुव्यांसाठी दिलेले पैसे अशा संकेतस्थळासाठी दिले गेले होते, ज्याने गूगलला स्वतःच आत येऊन परत जायला सांगितले होते. आधीच्या कंपनीने ही चौकट उघडून पाहिली नव्हती.

या निमित्ताने जे समजले ते प्रत्येक नव्या संकेतस्थळाच्या मालकाला ठाऊक असावे असे मला वाटते. शोधयंत्राचे काम तीन टप्प्यांत होते. आधी त्याचा बॉट, म्हणजे आपोआप पाने वाचत फिरणारा प्रोग्रॅम, पानापर्यंत पोहोचतो आणि ते वाचतो, मग त्या पानाची नोंद आपल्या सूचीत करायची की नाही हे ठरते, आणि शेवटी कोणी काही शोधले की त्या सूचीतून उत्तरे निवडली जातात. रोबोट्स फाइल ही १९९४ पासून चालत आलेली पद्धत पहिल्या टप्प्याशी संबंधित आहे. बॉटने कुठे जावे आणि कुठे जाऊ नये एवढेच ती सांगते. नोइंडेक्स दुसऱ्या टप्प्याशी संबंधित आहे. दोन्हींची गल्लत झाली तर विचित्र घोटाळा होतो : रोबोट्स फाइलने दारच बंद केले असेल तर आतल्या पानावरची नोइंडेक्सची पाटी बॉटला वाचताच येत नाही, आणि बाहेरच्या दुव्यांवरून त्या पानाचा नुसता पत्ता तरीही सूचीत येऊ शकतो. क्रमांक, कीवर्ड आणि स्पर्धक या सगळ्या गोष्टी तिसऱ्या टप्प्यातल्या आहेत. ज्याचे पहिले दोन टप्पेच झालेले नाहीत त्याला तिसऱ्याची सेवा विकणे मला अप्रामाणिक वाटते.

चौकटीतली खूण काढली, सर्च कन्सोलमध्ये साइटमॅप, म्हणजे संकेतस्थळावरच्या पानांच्या पत्त्यांची यादी, दिला आणि मुख्य पानासाठी नोंदणीची विनंती केली. मुख्य पान तीन दिवसांत दिसू लागले. बाकीची पाने मात्र रेंगाळली. ८४ पैकी महिनाभरात ३१ नोंदली गेली आणि उरलेल्यांसमोर, पान सापडले आहे पण सध्या नोंदलेले नाही, अशा अर्थाचा शेरा येत राहिला. त्याचे कारण आमच्या मांडणीत होते. दहा इंची परात, अकरा इंची परात, बारा इंची परात असे प्रत्येक मापाला वेगळे पान होते आणि इंचाचा आकडा सोडला तर सर्व मजकूर तोच होता. संस्थेने एका वस्तूचे एक पान करून त्यात माप निवडण्याची सोय दिली, पाने ८४ वरून २९ वर आणली आणि जुने पत्ते नव्यांकडे कायमचे वळवले. पुढच्या तीन-चार आठवड्यांत दोन सोडून सगळी पाने नोंदली गेली. एका साइटमॅप फाइलमध्ये ५०,००० पत्त्यांपर्यंत जागा असते; आमच्यासारख्यांना त्यासाठी कोणतेही विकतचे साधन लागत नाही, हेही त्यांनी आपणहून सांगितले.

फोनवरच्या मांडणीतली चूकही त्यांच्याच लक्षात आली. गूगल आता संकेतस्थळाचे फोनवर दिसणारे रूप प्रमाण मानते. १ जुलै २०१९ पासून नव्या संकेतस्थळांसाठी हाच नियम आहे. आमच्या संकेतस्थळावर संगणकावर कल्हईचा विभाग दिसत होता, पण फोनवर गर्दी नको म्हणून तो वगळला होता. म्हणजे ज्या कामासाठी लोकांनी आम्हाला शोधावे अशी इच्छा होती, त्याचा उल्लेख गूगल वाचत असलेल्या रूपात नव्हताच.

मराठीच्या बाबतीत या संस्थेने जे काम केले, ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि त्याविषयी सविस्तर लिहायला हवे. आमचे जुने दरपत्रक एका ओळखीच्या छापखान्यात बनवलेले होते. त्यातला मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व (युनिकोड म्हणजे सर्व यंत्रांना समजणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) फाँटमध्ये टंकलेला होता. कागदावर तो उत्तम दिसे, पण त्यातून मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक ओळ उमटे, कारण अशा फाँटमध्ये आतून इंग्रजी अक्षरेच असतात आणि त्यांच्यावर देवनागरी आकार चढवलेले असतात. संकेतस्थळ बांधणाऱ्याने त्यावर उपाय म्हणून दरपत्रकाच्या पानांची छायाचित्रे लावली होती. माणसाला सगळे वाचता येत होते, पण समई, निरांजन, ताम्हण, पळी-पंचपात्री हे शब्द मजकूर म्हणून संकेतस्थळावर कुठेही नव्हते. संस्थेने संपूर्ण दरपत्रक युनिकोडमध्ये नव्याने टंकून घेतले. सासऱ्यांच्या काळातली नावे तशीच ठेवावीत, हा आग्रह माझा होता आणि तो त्यांनी मानला.

त्यातच कोयऱ्यांचा प्रश्न आला. हळदी-कुंकवाच्या कोयऱ्या आमच्याकडे नेहमी विकल्या जातात, पण संकेतस्थळाच्या स्वतःच्या शोधचौकटीत 'कोयऱ्या' हा शब्द टाकला की एकही वस्तू नाही असे उत्तर येई, आणि पानावर तर तो शब्द डोळ्यांसमोर दिसत असे. धाकट्या भागीदाराने तो शब्द तोडून दाखवला. मराठीतला हा अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो : एकात नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य अशी चिन्हे येतात, दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग एक न दिसणारे जोडचिन्ह आणि य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, यंत्राला मात्र ते दोन निराळे शब्द वाटतात. पाने टंकणाऱ्याचा कळफलक एका प्रकारचा होता आणि माझ्या फोनचा दुसऱ्या प्रकारचा. त्यांनी सगळीकडे एकच रूप केले, संकेतस्थळाच्या शोधचौकटीत दोन्ही रूपे चालतील अशी सोय केली, आणि 'कोयरी' हे एकवचनही पानाच्या शीर्षकात घेतले, कारण त्यात हा प्रश्न उद्भवतच नाही. मराठीत संकेतस्थळ असणाऱ्या प्रत्येक दुकानदाराने आपल्या वस्तूंच्या नावांत हा र येतो का, हे तपासून घ्यावे.

पानांचे पत्ते देवनागरीत ठेवावेत की रोमन अक्षरांत, यावर आमची बरीच चर्चा झाली. गूगलला दोन्ही चालतात, त्यामुळे हा केवळ सोयीचा प्रश्न आहे. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह संगणकात तीन बाइट घेते आणि पत्ता नकलून पाठवताना प्रत्येक बाइटची तीन-तीन अक्षरे होतात. म्हणून पाच चिन्हांचा 'कोयरी' हा शब्द पाठवला की ४५ अक्षरांची टक्केचिन्हांनी भरलेली ओळ होऊ शकते. आमचे गिऱ्हाईक दुवा व्हॉट्सअ‍ॅपवरच पाठवते, आणि अशी ओळ पाहिली की वयस्कर माणसे ती फसवणुकीची समजून उघडत नाहीत. तेव्हा पत्ता रोमन अक्षरांत आणि बाकी सगळे मराठीत, असे आम्ही ठरवले. मला देवनागरी पत्ता मनापासून आवडला असता, पण गिऱ्हाइकाने दुवा उघडणे अधिक महत्त्वाचे होते.

शब्द निवडण्याची त्यांची पद्धत मला फार पटली. त्यांनी गल्ल्यावर एक वही ठेवायला सांगितली आणि दोन आठवडे येणारा प्रत्येक माणूस, तसेच प्रत्येक फोन, काय म्हणून विचारतो ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायला लावले. संकेतस्थळावर आमच्या कामाचे वर्णन ब्रास कुकवेअर टिनिंग सोल्यूशन्स असे होते. वहीत हे शब्द एकदाही आले नाहीत. कोणी कल्हई म्हणे, कोणी कलई, हिंदी बोलणारे कलई-वाला विचारत, आणि बऱ्याच जणांना कल्हई हा शब्दच ठाऊक नसे. त्यांचा प्रश्न असे : "पितळेच्या पातेल्यात आमटी कळकते, काय करायचे?" हा प्रश्न त्यांनी जसाच्या तसा कल्हईच्या पानाच्या पहिल्या परिच्छेदात घेतला. रोमन लिपीत शोधणाऱ्यांसाठी पानाच्या तळाशी शब्दांची रास रचावी, असे मी सुचवले होते. त्यांनी ते नाकारले आणि त्याऐवजी छोटे, वाचण्याजोगे इंग्रजी पान वेगळे केले, आणि दोन्ही पाने एकाच मजकुराची दोन भाषांतली रूपे आहेत हे गूगलला कळावे म्हणून एकमेकांशी जोडून दिली.

ते मराठी पान मी स्वतः लिहिले आणि त्यांनी फक्त बांधणी सुधारली. भांडे आधी घासून तापवायचे, त्यात नवसागराची पूड टाकून आतला पृष्ठभाग स्वच्छ करून घ्यायचा, मग कथील लावून ते कापसाच्या बोळ्याने झरझर सगळीकडे फिरवायचे, हे कारागीर कसे करतो याची तीन छायाचित्रे त्यात आहेत. कोणत्या मापाला किती पैसे पडतात, भांडे कधी परत मिळते, पाणी पिण्याच्या तांब्याच्या तांब्याला आम्ही आतून कल्हई का करत नाही, आणि स्टीलच्या भांड्यांना कल्हई करायची नसते, हेही त्यात आहे. भाव जाहीर लिहायला यजमानांचा विरोध होता. संस्थेचे म्हणणे असे पडले की फोन करणाऱ्याचा पहिला प्रश्न भावाचाच असतो, तेव्हा पान त्याचे उत्तर देत नसेल तर तो दुसऱ्या पानावर जाईल. आज आमच्या संकेतस्थळावर गूगलमधून येणाऱ्या माणसांपैकी निम्म्याहून अधिक याच पानावर उतरतात.

गूगलच्या नकाशावरची दुकानाची नोंद हा या सेवेतला दुसरा उपयुक्त भाग. जवळपासच्या शोधात दुकान दिसणे तीन गोष्टींवर अवलंबून असते : शोधाशी असलेला संबंध, शोधणाऱ्यापासूनचे अंतर आणि दुकानाची प्रसिद्धी. अंतर कोणालाच बदलता येत नाही, म्हणून कासारवडवलीत बसलेल्या माणसाला आम्ही नेहमीच वर दिसू अशी आशा धरू नका, असे त्यांनी आरंभीच सांगितले. आमची नकाशावरची खूण शेजारच्या गल्लीत पडली होती, आणि तिच्यामुळे माणसे भलत्याच दुकानासमोर उभी राहून फोन करत, ती हलवली. दुकानाच्या नावापुढे 'ठाण्यातील सर्वोत्तम कल्हई' असे जोडावे ही माझ्या दिरांची सूचना होती. पाटीवर जे नाव आहे तेच नोंदीत असले पाहिजे असा नियम आहे आणि तो मोडल्यास नोंद स्थगित होऊ शकते, असे सांगून त्यांनी ती मानली नाही. अभिप्राय देणाऱ्याला सूट द्यावी का, असेही आम्ही विचारले होते. तेही नियमात बसत नाही. त्याऐवजी भांडे परत देताना पिशवीत एक छोटी चिठ्ठी घालायला सुरुवात केली, तिच्यावर क्यूआर कोड आणि एका ओळीची विनंती असते. अभिप्राय हळूहळू येतात, पण त्यांत लोक स्वतःहून 'आजीचे पातेले', 'पुरणाची कढई' असे लिहितात, आणि ते वाचून नवे माणूस येते.

छायाचित्रांविषयी थोडक्यात लिहिते. फोनने काढलेली पाच-सहा एमबीची छायाचित्रे तशीच चढवली होती, त्यामुळे पान उघडायला वेळ लागे. ती वेबपी या कमी जागा घेणाऱ्या स्वरूपात लहान केली आणि पानातला सर्वांत मोठा भाग अडीच सेकंदांच्या आत दिसू लागला, जी गूगलने चांगली म्हणून ठरवलेली मर्यादा आहे.

आता उणिवा. पहिले दोन महिने संपल्यावर आम्ही मासिक पॅकेज घेतले आणि त्यात दरमहा आठ लेख होते. हे लेख यंत्राकडून लिहून घेतलेले आहेत हे वाचताक्षणी कळत होते; भाषा मराठी होती, पण स्वयंपाकघरात कधी न गेलेल्या माणसाची. तरी मी ते चालवून घेत होते. चौथ्या महिन्यात एका लेखात असे वाचले की तांब्याच्या भांड्यात लिंबाचे सरबत रात्रभर ठेवून सकाळी प्यावे. आंबट पदार्थ तांब्यात ठेवू नयेत हे आमच्या दुकानात लहान मुलालाही सांगता येईल. आम्लाने तांबे पदार्थात उतरते आणि त्याचा त्रास होतो, म्हणून तर कल्हई करतात. ज्या दुकानाने पन्नास वर्षे लोकांना हे सांगितले, त्याच दुकानाच्या नावावर असा सल्ला तीन दिवस जगासमोर होता. मी त्याच दिवशी तो लेख काढायला लावला आणि पुढचे सर्व लेख थांबवले. संस्थेने चूक मान्य केली, त्या महिन्याचे लेखांचे पैसे परत केले, पण लेख प्रसिद्ध करण्यापूर्वी दुकानातल्या कोणाला तरी दाखवण्याची पद्धत त्यांच्याकडे मुळातच नव्हती, हे मला गंभीर वाटते. शिवाय केवळ क्रमवारीसाठी ढिगाने मजकूर निर्माण करणे हे मार्च २०२४ पासून गूगलच्या स्पॅमविषयक धोरणात स्पष्टपणे आले आहे, मग तो मजकूर माणसाने लिहिलेला असो वा यंत्राने. ज्यांनी आम्हाला विकतच्या दुव्यांपासून सावध केले, त्यांनीच हे विकावे याचे मला वाईट वाटले.

दुसरी तक्रार अहवालांविषयी आहे. दरमहा येणारा अहवाल इंग्रजीत असे आणि त्याच्या पहिल्या पानावर इंप्रेशन्सचा चढता आलेख असे. इंप्रेशन म्हणजे आपले पान कोणाच्या तरी शोधाच्या उत्तरांत आले एवढेच. त्याने ते पाहिले किंवा उघडले असे नव्हे. आम्हाला हवे होते ते नकाशावरून आलेले फोन, रस्ता विचारणारे आणि कल्हईच्या पानावरून आलेले संदेश. हे आकडे मागितल्यावर मिळाले, पण प्रत्येक महिन्यात मागावे लागले. शेवटी मी सर्च कन्सोल स्वतःच पाहायला शिकले. ते फुकट आहे, त्यात सोळा महिन्यांपर्यंतची माहिती राहते, आणि कोणत्या शब्दांवरून माणसे आली हे त्यातच दिसते. आठवड्यातून वीस मिनिटे पुरतात.

तिसरी बाब तातडीने लक्ष देण्याची आहे. सर्च कन्सोल आणि नकाशावरची नोंद या दोन्हींची मालकी संस्थेच्या खात्यावर होती आणि आमच्याकडे केवळ पाहण्याची परवानगी होती. त्यांचा हेतू वाईट नव्हता. मी मागताच आठवड्याभरात मालकी आमच्या नावावर आली. परंतु उद्या भांडण झाले असते किंवा संस्था बंद पडली असती, तर आमच्याच दुकानाची वेळ आणि फोन क्रमांक बदलण्यासाठी आम्हाला दारोदार फिरावे लागले असते. कोणाशीही करार करताना मालक तुम्ही आणि व्यवस्थापक ते, असे पहिल्या दिवशी लिहून घ्या.

परिणामांबद्दल बोलायचे तर घाई करू नये, हे खरेच आहे. एसईओच्या कामाचा लाभ दिसायला बहुधा चार महिने ते वर्षभर लागते असे गूगलनेच २०१७ मध्ये सांगितले होते, आणि आमचा अनुभवही तसाच आहे. पहिले दोन महिने आमच्याकडे येणारे जवळजवळ सगळे दुकानाचे नाव टाकूनच येत होते. चौथ्या महिन्यात कल्हईचे पान आपल्या पायांवर उभे राहिले. सहाव्या महिन्यात दिवसाला दोन-तीन फोन असे येऊ लागले की बोलणारा माणूस कोलशेत, मानपाडा, क्वचित ऐरोलीहून बोलत असे. ही मोठी संख्या नाही, पण कल्हईचे काम आणणारा माणूस सहसा एकच भांडे आणत नाही.

एक संधी मात्र हुकली, आणि तिचा दोष निम्मा संस्थेचा व निम्मा आमचा. पाडव्याला गुढीवर घालायला तांब्या लागतो आणि त्या आठवड्यात आमच्याकडे सकाळपासून गर्दी असते. कोपिनेश्वराच्या पालखीबरोबर निघणाऱ्या स्वागतयात्रेमुळे त्या दिवसांत हा सगळा परिसरच माणसांनी भरलेला असतो. गुढीच्या तांब्याचे पान आम्ही पाडव्याच्या बारा दिवस आधी चढवले. त्याची नोंद होऊन ते लोकांना दिसू लागेपर्यंत गुढ्या उतरल्या होत्या. सणाचे पान निदान दोन महिने आधी हवे, आणि सण झाला की ते काढून टाकू नये; पुढच्या वर्षी त्याच पत्त्यावर माप आणि भाव बदलावेत, म्हणजे मधल्या काळात मिळालेली ओळख वाया जात नाही. सणांचे वेळापत्रक आमच्या भिंतीवर कायम टांगलेले असते, ते आम्हीच पहिल्या भेटीत त्यांना द्यायला हवे होते.

खर्चाचा हिशेब असा. पहिल्या दोन महिन्यांच्या तपासणीचे आणि दुरुस्तीचे २२,००० रुपये, नंतर दरमहा ९,००० रुपये, आणि दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. पहिली रक्कम मी पुन्हा आनंदाने देईन. ज्याचे संकेतस्थळ नुकतेच सुरू झाले आहे, ज्याच्याकडे मराठी मजकूर आहे, आणि ज्याला एका ठिकाणी बसून धंदा करायचा आहे, त्याने असे काम जाणकाराकडून एकदा करून घ्यावे. मासिक पॅकेज घेण्याआधी मात्र त्यात नेमके काय आहे ते एकेक करून विचारावे, आणि उत्तर लेखांची संख्या किंवा दुव्यांची संख्या असे आले तर नकार द्यावा.

आम्ही मासिक पॅकेज मार्चअखेरीस बंद केले आहे. त्याऐवजी दर तीन महिन्यांनी एक दिवसाची तपासणी असा नवा करार केला, आणि तो पहिल्यांदाच मराठीत लिहून घेतला. पुढची तपासणी जूनमध्ये आहे. तोपर्यंत गणपतीच्या उपकरणांचे पान तयार ठेवायचे आहे; ताम्हण, समई आणि अभिषेकपात्र यांची छायाचित्रे काढून झाली आहेत, मजकूर मी लिहीत आहे.